मातीतले जंतू आणि पोंग्यातली अळी



जंतू म्हटले की आपल्या मनात पहिल्याने रोगच येतो. पटकीचे जंतू, क्षयाचे जंतू, हगवणीचे जंतू. पण दुधाचे दही होते तेही जंतूंमुळेच. उकिरड्यातले शेण कुजून काळेभोर खत होते तेही जंतूंमुळेच. हरभऱ्याचे रोप उपटले तर मुळांवर ज्या बारीक गाठी दिसतात, त्याही जंतूंच्या वस्त्याच. आपल्या रानातली चिमूटभर माती घेतली तर तिच्यात कोट्यवधी जंतू नांदत असतात. त्यांतले बहुतेक आपल्या वाटेला जात नाहीत आणि काही तर आपले काम करतात. हल्ली पुस्तकांतून यांना जिवाणू म्हणतात. त्यांच्यापैकी एकाची आज ओळख करून घ्यायची आहे. ज्वारी-मक्याच्या पोंग्यात शिरणारी अळी मारण्याचे काम हा जिवाणू करतो. तो करतो खरा, पण त्याच्या अटी पाळल्या तरच. आजचे सारे सांगणे या अटींविषयी आहे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात खरिपाचे पुष्कळ रान आता सोयाबीनने व्यापले आहे. तरीही परांडा, भूम, वाशी, कळंब या बाजूला रब्बीची ज्वारी अजून घराचे आणि गोठ्याचे अशी दोन्ही पोटे भरते. कणीस माणसाचे आणि कडबा जनावराचा, अशी या पिकाची वाटणी ठरलेली आहे. भूमकडच्या खव्याच्या भट्ट्या दुभत्या जनावरांच्या जोरावर चालतात, आणि त्या जनावरांपुढे मक्याची हिरवी वैरण पडते. तेव्हा ज्वारीच्या किंवा मक्याच्या पोंग्यात आपण जे काही ओततो, ते पुढे कोणाच्या तोंडात जाणार आहे याचा विचार आधी करावा लागतो.   तृणधान्याच्या पिकाला पानापासून दाण्यापर्यंत कोणीतरी खाणारा आहेच.

पूर्वी आपल्या ज्वारीला मुख्यतः खोडमाशी, खोडकिडा आणि मावा यांचा त्रास असे. २०१८ सालापासून त्यात एका नव्या पाहुणीची भर पडली. तिला अमेरिकन लष्करी अळी म्हणतात. तिचे मूळ घर अमेरिका खंडात. २०१६ साली ती आफ्रिकेत आढळली आणि २०१८ च्या मे महिन्यात आपल्या देशात, कर्नाटकातल्या शिवमोग्याच्या बाजूला, मक्यावर दिसली. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता ती आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात पोहोचली. हिचा पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. मग सोलापूरहून आपल्याकडे यायला तिला कितीसा वेळ लागणार? आता मका असो, ज्वारी असो, ही अळी दर हंगामात कमीजास्त प्रमाणात दिसतेच.

ती ओळखावी कशी? अळीच्या डोक्यावर पांढुरक्या रेषांचे एक चिन्ह असते. इंग्रजी वाय अक्षर उलटे काढावे तसे ते दिसते. शेपटीच्या बाजूला, शेवटून दुसऱ्या भागावर, चार काळे ठिपके चौकोनात मांडल्यासारखे असतात. मादी पानावर शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका घालते आणि त्यावर आपल्या अंगावरचे करड्या रंगाचे केस पसरते. अंड्यांतून निघालेल्या बारीक अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडून खातात. पानावर पांढरे, पातळ पापुद्र्यासारखे डाग दिसू लागतात. काही दिवसांनी त्या पोंग्यात उतरतात. मग पाने उलगडली की एका ओळीत भोके दिसतात आणि पोंग्यात लाकडाच्या भुश्यासारखी विष्ठा साचते.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. या अळीच्या आयुष्यात सहा अवस्था असतात. पहिल्या तीन अवस्थांत ती फार थोडे खाते. बहुतेक सगळा फडशा ती शेवटच्या दोन अवस्थांत पाडते. म्हणजे आपल्याला नुकसान बांधावरून दिसू लागते, तेव्हा अळी मोठी झालेली असते आणि विष्ठेचे बूच लावून पोंग्यात आत बसलेली असते. त्या वेळी औषध घेऊन धावणे म्हणजे वरातीमागून घोडे. औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून आपण प्रमाण वाढवतो. तरी अळी मरत नाही, म्हणून दोन औषधे एकत्र करतो. ही वाट कोठे जाते ते आपल्याच महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्याच्या पाठीवर पंप असतो, पहिला घास विष त्याचाच घेते.

म्हणून काट्याने काटा काढावा तसा किडीवर किडीचाच रोग सोडावा, हा विचार पुढे आला. तो काही काल-परवाचा नाही. १९०१ साली जपानात इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञांना रेशमाच्या किड्यांत एक रोग आढळला. किडे अचानक लुळे पडून मरत. त्या मेलेल्या किड्यांत त्यांना एक जिवाणू सापडला. पुढे १९११ साली जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातल्या एका पिठाच्या गिरणीतून आलेल्या पतंगाच्या मेलेल्या अळ्यांत बर्लिनर या शास्त्रज्ञांना तोच जिवाणू मिळाला. त्या प्रांतावरून त्याचे नाव पडले बॅसिलस थुरिंजिएन्सिस. नाव लांबलचक आहे, म्हणून सारे जग त्याला बी.टी. म्हणते. १९३८ साली फ्रान्समध्ये त्याची भुकटी पहिल्याने बाजारात आली. पुढे शोध घेता घेता असे दिसून आले की हा जिवाणू जगभरच्या मातीत, धान्याच्या कोठारातल्या धुळीत आणि झाडांच्या पानांवरही सापडतो.

बी.टी. म्हटले की आपल्याकडे कोणालाही कापसाचे बियाणे आठवते. ते वेगळे. त्या बियाण्यात या जिवाणूचा एक गुणधर्म प्रयोगशाळेत घातलेला असतो, आणि तसे बियाणे पेरायला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. आपण आज बोलतो आहोत ते मातीतल्या मूळ जिवाणूच्या भुकटीबद्दल किंवा द्रवाबद्दल. ती पाण्यात कालवून फवारायची असते. तिने पिकाच्या बियाण्यात काही बदल होत नाही.

हा जिवाणू अळीला मारतो कसा, ते समजून घेतले की त्याच्या सगळ्या अटी आपोआप समजतात. हवामान प्रतिकूल झाले की हा जिवाणू स्वतःभोवती कठीण कवच करून झोपी जातो. या झोपलेल्या अवस्थेला बीजाणू म्हणतात. त्याच वेळी तो बीजाणूशेजारी खडीसाखरेच्या खड्यासारखा एक सूक्ष्म स्फटिक तयार करतो. हा स्फटिक प्रथिनाचा असतो. अळीने पान खाल्ले की त्याबरोबर स्फटिक तिच्या पोटात जातो. पतंगवर्गातल्या अळीचे आतडे क्षारयुक्त असते, म्हणजे सोड्याच्या पाण्यासारखे. त्यात स्फटिक विरघळतो. त्यातून सुटलेले प्रथिन आतड्याच्या अस्तराला चिकटते आणि त्याला भोके पाडते. अळीचे खाणे काही तासांत मंदावते आणि थांबते. दोन-तीन दिवसांत, कधी चार दिवसांत, ती मरते.

मग प्रश्न येतो की हे आपल्या पोटात गेले तर? कडबा खाणाऱ्या बैलाच्या, नाही तर आपल्या उस्मानाबादी शेळीच्या पोटात गेले तर? आपले जठर आंबट असते, क्षारयुक्त नसते. त्याहून महत्त्वाचे असे की ते प्रथिन म्हणजे एक किल्ली आहे, आणि ती बसेल असे कुलूप फक्त ठरावीक किड्यांच्या आतड्यात असते. माणसाच्या, गाई-म्हशीच्या, शेळीच्या, पाखराच्या आतड्यात ते कुलूपच नाही. म्हणून ज्या पिकाचे पानन्‌पान वैरणीला जाते, त्या पिकाला हा उपाय शोभतो. रासायनिक औषध मारल्यावर ठरलेले दिवस वैरण कापता येत नाही, आणि भुकेले जनावर दावणीला बांधून तसे थांबणे किती कठीण आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. अर्थात भुकटी हाताळताना तोंडाला फडके आणि हातांत मोजे हवेतच. कोणतीही बारीक धूळ डोळ्यांत आणि छातीत जाणे चांगले नाही.

आता अटी सांगतो.

पहिली अट, अळी लहान हवी. लष्करी अळीचे कूळच जरा चिवट आहे. बाजारात सर्वसाधारणपणे बी.टी.ची जी कुरस्टाकी नावाची जात मिळते, तिला मोठी लष्करी अळी सहसा दाद देत नाही. पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतली लहान अळी मात्र मरते. म्हणून उगवणीनंतर पहिल्या आठवड्यापासूनच, आठवड्यातून दोनदा, रानात उतरून पाहणी करावी. रानात पाच ठिकाणी थांबावे आणि प्रत्येक ठिकाणी वीस झाडे पाहावीत. अशी शंभर झाडे होतात. पीक पहिल्या महिन्यात असताना शंभरात पाच झाडांवर ताजे खरवडलेले डाग दिसले, तर फवारणीची वेळ झाली असे समजावे. पोंगा मोठा झाल्यावर शंभरात दहा झाडांपर्यंत थांबले तरी चालते.

दुसरी अट, वेळ संध्याकाळची हवी. कडक ऊन हा या जिवाणूचा वैरी आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी स्फटिक आणि बीजाणू दोन्ही निकामी होतात. अळीही दिवसा दडून बसते आणि रात्री खायला बाहेर पडते. तेव्हा दिवस कलल्यावर फवारावे, म्हणजे रात्रभर औषध ताजे राहते आणि अळीच्या जेवणाच्या वेळेला ते पानावर असते. पाऊस येण्याची चिन्हे असतील तर त्या दिवशी थांबावे.

तिसरी अट, फवारा पोंग्यात गेला पाहिजे. हे औषध अंगावर पडून मारत नाही, पोटात जाऊन मारते. पानांच्या पाठीवर नुसते तुषार उडवून गेलो, तर पोंग्यात बसलेल्या अळीला त्याचे काहीच नाही. नोझल पोंग्यावर धरून औषध आत उतरेल असे फवारावे. सामान्यतः भुकटीचे प्रमाण एक लिटर पाण्याला २ ग्रॅम, म्हणजे एकरी २०० लिटर पाण्याला ४०० ग्रॅम असे आहे. पाकिटावर त्याहून निराळे लिहिलेले असेल तर पाकिटाचेच ऐकावे. पाणी स्वच्छ असावे आणि फार क्षारयुक्त नसावे. स्फटिक क्षारात विरघळतो हे आपण आत्ताच पाहिले. तो अळीच्या पोटात विरघळायला हवा, आपल्या पंपात नव्हे. तणनाशक मारलेला पंप तीन-चार वेळा धुतल्याशिवाय वापरू नये. कालवलेले द्रावण त्याच दिवशी संपवावे.

चौथी अट, औषध जिवंत हवे. ही भुकटी विरजणासारखी आहे. विरजण तापल्या पत्र्याखाली ठेवले तर दही लागेल का? आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत, खताच्या पोत्यांवर हे पाकीट महिना-दोन महिने पडले तर त्यात दम उरत नाही. ते थंड, कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावे. घेताना बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख वाचावी. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे अशा औषधाची नोंदणी व्हावी लागते. तो नोंदणी क्रमांक पाकिटावर आहे की नाही ते पाहावे, आणि पावती घ्यावी. क्रमांक नसेल तर दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी ते घेऊ नये.

पाचवी अट धीराची. रासायनिक औषध मारले की सकाळी अळ्या मरून पडलेल्या दिसतात. बी.टी. मारल्यावर दुसऱ्या दिवशी अळी जिवंतच दिसते. मग शेतकरी म्हणतो, "काय हो दादा, ही भुकटी का माती? अळी तर जागच्या जागी बसलीय!" बसली आहे, पण खाते आहे का? ते पाहायला हवे. पोंग्यात ताजी, ओली विष्ठा दिसली नाही आणि पानावर नवी भोके पडली नाहीत, तर अळीचे जेवण संपले असे समजावे. तिचे मरण दोन दिवसांनी येईल, पण आपले नुकसान आजच थांबले. घाई करून त्यावर दुसरे विष मारू नये. आठ-दहा दिवसांनी पुन्हा शंभर झाडे पाहावीत आणि गरज असेल तरच दुसरी फवारणी करावी.

आता या जिवाणूकडून काय होत नाही, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. साप साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नाही. ज्वारीचा पोंगा वाळून पोंगेमर होते, ती उगवणीनंतर पहिल्या तीन-चार आठवड्यांत मुख्यतः खोडमाशीमुळे. तिची अळी माशीच्या जातीची असते आणि थेट खोडात शिरते. तिला ही भुकटी लागू पडत नाही. तिच्यावर खरा इलाज वेळेवर पेरणीचा. रब्बी ज्वारी मध्य सप्टेंबरपासून मध्य ऑक्टोबरपर्यंत पेरली, तर खोडमाशीचा जोर टळतो. पेरणी जसजशी लांबेल तसतशी पोंगेमर वाढते. मावा रस शोषतो, पान खात नाही. त्यामुळे पानावरचा स्फटिक त्याच्या पोटात जातच नाही, आणि चिकट्यावर बी.टी. मारणे व्यर्थ आहे.

दुकानात जिवाणूंची आणखीही पाकिटे असतात आणि त्यांत घोटाळा होतो. अॅझोटोबॅक्टर हे जिवाणू खत आहे. ते हवेतला नत्र पिकाला मिळवून देते. स्फुरद विरघळवणारे जिवाणूही खतच. ही दोन्ही पेरणीच्या वेळी बियाण्याला चोळायची. त्यांनी कीड मरत नाही. स्यूडोमोनास नावाचा आणखी एक मातीतला जिवाणू आहे. तो मुळांभोवती वस्ती करतो आणि रोगाच्या बुरशीला तेथे पाय रोवू देत नाही. रब्बी ज्वारीत दाणे भरताना ओल तुटली की ताटे खालून पोकळ होऊन लोळतात, त्याला आपण खडखड्या म्हणतो. तो रोग जमिनीतल्या बुरशीचा आहे, आणि अशा मूळ-खोडाच्या रोगांना आळा घालण्यासाठी स्यूडोमोनासची बीजप्रक्रिया उपयोगी पडते. पण जमिनीत ओल टिकवणे आणि एकाच रानात वर्षानुवर्षे ज्वारीवर ज्वारी न घेणे, हे त्याहून मोठे उपाय आहेत. सांगायचे इतकेच की प्रत्येक जिवाणूचे काम ठरलेले आहे. सुताराकडून कुंभाराचे काम होत नाही.

एक इशारा फार महत्त्वाचा आहे. हा जिवाणू पहिल्याने सापडला तो रेशमाच्या किड्यात, हे मघाशी सांगितले. आता आपल्या जिल्ह्यात तुतीची लागवड करून रेशीम कोष काढणारी पुष्कळ घरे आहेत. रेशमाचा किडा हीदेखील पतंगाचीच अळी. बी.टी.चे तुषार वाऱ्याने तुतीच्या पाल्यावर गेले आणि तो पाला किड्यांना घातला, तर सगळी बॅच हातची जाईल. शेजारच्या बांधाला तुती असेल तर त्या बाजूच्या रानात बी.टी. फवारू नये. निंबोळी अर्क आणि बुरशीची औषधेही रेशमाच्या किड्याला बाधतात, म्हणून तेथे तीही नकोत. तेवढ्या पट्ट्यात अंड्यांचे पुंजके हाताने वेचून चिरडावेत, पोंग्यात चिमूटभर बारीक वाळू टाकावी आणि कामगंध सापळे लावावेत. फवारणीच्या आधी शेजाऱ्याला नुसते सांगितले, तरी पुढची भांडणे टळतात. "भाऊ, आज संध्याकाळी मक्यावर मारणार आहे, उद्या-परवा या कडेचा पाला तोडू नका," एवढे दोन शब्द पुरतात.

दुसरा इशारा सवयीचा. कोणतेही एकच हत्यार रोज उपसले तर ते बोथट होते. बी.टी. कापसाचे तसेच झाले. पहिली काही वर्षे बोंडअळीला आळा बसला. पण त्या झाडात तोच गुण रात्रंदिवस असल्यामुळे गुलाबी बोंडअळी त्याला सरावली, आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात तिने कापसाची धूळधाण केली. फवारणीच्या बी.टी.चाही अतिरेक करू नये. अंडी दिसताच निंबोळी अर्क, लहान अळीला बी.टी., हवा दमट असेल तर मेटारायझियम बुरशी, अशी पाळी धरावी. रान नांगरून उन्हात तापू द्यावे, म्हणजे मातीतले कोष वर येऊन पाखरांच्या आणि उन्हाच्या तोंडी पडतात. पीक लहान असताना एकरी दहा ठिकाणी पक्ष्यांना बसायला काठ्या रोवाव्यात. सप्टेंबरच्या दमट दिवसांत पानाला चिकटून कडक झालेल्या पांढऱ्या किंवा हिरवट अळ्या दिसल्या, तर बुरशीने आपले काम आधीच सुरू केले आहे असे ओळखावे आणि फवारणीला हात आवरता घ्यावा.

आता शिक्षक मित्रांसाठी एक प्रयोग सुचवतो. शाळेत तो चार दिवसांत होतो आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. गावातल्या मक्याच्या रानातून दहा लहान आणि पाच मोठ्या लष्करी अळ्या आणाव्यात. प्रत्येक अळी निराळ्या लहान डबीत ठेवावी, कारण या अळ्या एकत्र कोंडल्या तर एकमेकींना खातात. डबीच्या झाकणाला बारीक भोके पाडावीत. गुरुजींनी स्वतः एक लिटर पाण्यात २ ग्रॅम बी.टी.ची भुकटी कालवावी. मक्याच्या पानांचे तुकडे त्यात बुडवून सावलीत सुकवावेत. पाच लहान अळ्यांना हे तुकडे द्यावेत, पाच लहान अळ्यांना साध्या पाण्यात बुडवलेले द्यावेत, आणि पाचही मोठ्या अळ्यांना औषधाचे द्यावेत. मुलांनी रोज सकाळी तीन गोष्टी वहीत मांडाव्यात: पान किती खाल्ले, विष्ठा ताजी आहे का, अळी हलते का. औषधाचे पान खाणाऱ्या लहान अळ्या आधी खाणे सोडतात आणि मग मरतात. मोठ्यांपैकी बऱ्याचशा खातच राहतात. साध्या पाण्याच्या डब्यांतल्या अळ्या जगल्या, म्हणजे मरण डबीत कोंडल्यामुळे आले नाही हेही मुलांना कळते. प्रयोगानंतर उरलेल्या अळ्या साबणाच्या पाण्यात टाकाव्यात, रानात सोडू नयेत, आणि मुलांचे हात साबणाने धुवून घ्यावेत.

या प्रयोगाचा फायदा वर्गापुरता नाही. ज्या मुलाने अळी खाणे सोडताना पाहिली, ते मूल घरी जाऊन सांगेल, "बाबा, थांबा. अळी दिसतेय, पण ती खात नाही." असे एक वाक्य एक अनावश्यक फवारणी वाचवते. आणि शंभर झाडे मोजण्याचे काम तर पाचवी-सहावीची मुले मोठ्या माणसांपेक्षा नेटाने करतील. गणिताच्या तासाला शेकडेवारी शिकवायची, तर याहून चांगले उदाहरण कोठे शोधायचे?

बंधूंनो, हे औषध कोठे मिळेल, कोणत्या जातीचे घ्यावे, आपल्या रानात बसेल की नाही, हे विचारायला संकोच करू नका. आपल्या जिल्ह्यात तुळजापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, आणि गावोगावी कृषी विभागाचे कर्मचारी आहेत. जाताना अळी लागलेले झाड पोंग्यासकट कागदात गुंडाळून न्या. तोंडी वर्णनाने अंदाज होतो, पण झाड पाहिले की निदान होते.

दुकानातून पाकीट आणणे हे या उपायातले सगळ्यांत सोपे काम आहे. अवघड काम आहे ते आठवड्यातून दोनदा रानात वाकून शंभर पोंगे पाहण्याचे. ते कोणी विकत देत नाही आणि कोणी आपल्यासाठी करून जात नाही. पण जो शेतकरी ते करतो, त्याच्या मदतीला मातीतला हा अदृश्य गडी उभा राहतो. त्याच्या ज्वारीची भाकरी घरच्यांना आणि कडबा जनावरांना बिनघोर घालता येतो. यंदाच्या पेरणीनंतर पहिल्या आठवड्यातच पहिली पाहणी करा, आणि जाताना घरातल्या एखाद्या शाळकरी मुलाला बरोबर घ्या.